खेळाडू दोन, संचालक अकरा

आमच्या चेअरमनसाहेबांना बास्केटबॉलच्या संघात किती खेळाडू असतात हे शेवटपर्यंत कळलं नाही. क्रिकेटमध्ये अकरा असतात, कबड्डीत सात असतात, तर यातही त्याच्याच अल्याडपल्याड असतील असा त्यांचा अंदाज होता. अंदाजावर त्यांनी आख्खा सहकारी साखर कारखाना चालवला होता, त्यापुढं खेळाडूंची एजन्सी ती काय. चालवला म्हणजे बंद पाडला, हे वेगळं सांगायला नको.

बीड जिल्ह्यात तेव्हा एकापाठोपाठ एक दुष्काळाची वर्षं चालली होती. ऊस नव्हताच, आणि जो होता तो जनावरांच्या तोंडात जात होता. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, त्याच कारखान्यात मिलचे फिटर होते. गाळप बंद, कामगार घरी. तरी आबा रोज सकाळी खाकी कपडे घालून मिलमध्ये जायचे आणि कुठल्या तरी बेअरिंगला ग्रीस लावून परत यायचे. त्यांना कोणी बोलावलेलं नसायचं, कोणी अडवायचंही नाही. चेअरमन मात्र चेअरमनच होते. कारखाना बंद पडला म्हणून त्यांची गाडी बंद पडली नव्हती, गाडीमागं पळणारी माणसं कमी झाली नव्हती आणि सत्कार तर उलट वाढले होते. लोकांना कामधंदा नसला की सत्काराला गर्दी चांगली होते.

आम्ही कारखान्याच्या वसाहतीत राहायचो. तिथं सिमेंटचं एक बास्केटबॉलचं मैदान होतं. कोल्हापूरकडून आलेल्या कुण्या जुन्या एम. डी.नं, म्हणजे कारखान्याच्या कार्यकारी संचालकानं, स्वतःच्या मुलांसाठी ते करून घेतलं होतं. साहेब बदलून गेले आणि मग वसाहतीतल्या बायका त्याच्यावर शेवया आणि कुरडया वाळत घालू लागल्या. माझी उंची लहानपणापासूनच बेताल. सोळाव्या वर्षी मी आबांच्या वर गेले आणि बायका आईला विचारायला लागल्या, की हिला नवरा काय शिडी लावून बघायचा का. त्या बोलण्याचा वीट येऊन मी कुरडया बाजूला सारल्या आणि चेंडू हातात घेतला. कॉलेजकडून खेळले, मग विद्यापीठाकडून खेळले. मी चांगली खेळायचे. हे मी नम्रपणे सांगणार नाही, कारण नम्रतेनं मला काही दिलेलं नाही.

दुष्काळात कारखान्याच्या आवारात चारा छावणी लागली आणि मैदानाच्या कडेपर्यंत जनावरं बांधली गेली. मी पहाटे उठून झाडूनं शेण लोटायचे आणि तेवढ्यात जमेल तितका सराव करायचे. धुवायला पाणी नव्हतं. टँकर आला की चेंडू टाकून घागर उचलायची.

एजन्सी निघाली ती कारखान्याच्या वार्षिक सभेत. सभासद आलते ते एकच विचारायला, की मिलची चाकं कधी फिरणार. आबाही गेलते. चेअरमन उठले आणि म्हणाले, "आजवर आपन ऊस पिकवला. आता खेळाडू पिकवू." ते नुकतेच पुण्याला कुणाच्या तरी लग्नाला जाऊन आले होते. तिथं त्यांना एक माणूस भेटला, जो खेळाडूंची कामं बघायचा. कुठल्या क्लबात कोण खेळणार, कोणाची जाहिरात कोण करणार, हे सगळं तो ठरवायचा आणि त्याची गाडी चेअरमनच्या गाडीपेक्षा लांब होती. एवढं पुरलं. क्रिकेटला माणसं फार, कबड्डी गल्लीत खेळतात, म्हणून आपली एजन्सी बास्केटबॉल आणि फुटबॉलवाल्यांसाठी, कारण ते खेळ परदेशात चालतात. सभेनं टाळ्या वाजवल्या. चाकं कधी फिरणार हे कोणी परत विचारलं नाही.

बीडला चेअरमनच्याच पतसंस्थेच्या माडीवर पाटी लागली: 'बास्केटबॉल व फुटबॉलच्या व्यावसायिक खेळाडूंचे प्रतिनिधित्व.' आता या माणसांना संस्था काढायची एकच पद्धत माहीत. सूतगिरणी असो, दूध संघ असो नाहीतर खेळाडूंची एजन्सी, आधी संचालक मंडळ. तालुक्यांचा तोल सांभाळत अकरा संचालक झाले. व्हाइस चेअरमन तलवाड्याचे, एक लिंबागणेशचे, एक नांदूरघाटचे, असं करत करत कोणी रुसू नये इतके झाले. खेळाडू दोन. एक मी आणि दुसरा बीडच्या किराणा दुकानदाराचा मुलगा, फुटबॉलमधला गोलकीपर. तोही माझ्याच वयाचा. आम्ही दोघं भिंतीकडेच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसायचो आणि हे अकरा जण टेबलाभोवती बसून चिवडा खात आमचं प्रतिनिधित्व करायचे.

पहिल्या बैठकीत ठराव झाला, की खेळाडूंनी सराव करावा. सूचक होते, अनुमोदक होते, ठराव सर्वानुमते पास झाला. मी त्याच्या आधी आठ वर्षं ठरावाशिवायच सराव करत होते. दुसऱ्या बैठकीत मी बूट मागितले, कारण माझ्या बुटांचे तळवे सिमेंटवर घासून पातळ झाले होते. त्यासाठी उपसमिती नेमली गेली. उपसमिती औरंगाबादला गेली, दोन दिवस राहिली आणि आम्हा दोघांसाठी अगदी एकसारखे बूट घेऊन आली. फुटबॉलचे, खाली खिळे असलेले. सिमेंटच्या मैदानात ते घालून धावलं असतं तर दात हातात आले असते. मी तसं म्हणाले, तर समितीचा एक जण मलाच समजावत म्हणाला, "ताई, संस्थेत दुजाभाव करता येत न्हाई. एकाला एक अन् दुसऱ्याला एक, आसं कसं चालंल?"

गोलकीपर बाहेर जिन्यात बसून पोट धरून हसला. मला हसू आलं नाही. तो माझ्यासारखा घाईत नव्हता, त्याच्यामागं दुकान होतं.

माझी घाई अशी, की एका मोठ्या सरकारी खात्याच्या महिला संघासाठी पुण्यात निवड चाचणी निघाली होती. ही खबर मला विद्यापीठाच्या सरांनी फोन करून दिली, एजन्सीनं नाही. निवड झाली की खात्यात कायमची नोकरी, राहायला जागा, रोज खरं लाकडी मैदान आणि नळाला पाणी. वयाच्या अटीत बसायचं ते माझं शेवटचं वर्ष होतं. घरात स्थळं बघणं सुरूच होतं. माझ्या उंचीमुळं ते लांबत होतं इतकंच, थांबलं नव्हतं. म्हणजे एकीकडं ती चाचणी आणि दुसरीकडं कुणाच्या तरी घरची चूल, मधे तिसरं काहीच नव्हतं. गोलकीपरचीही एका क्लबात चाचणी नेमकी त्याच दिवशी पुण्यातच होती. सकाळी आठला हजर राहायचं होतं.

मी आणि आबांनी रात्रीच्या एसटीनं जायचं ठरवलं होतं. पण आबांनी कुठंतरी बोलून दाखवलं आणि ते माडीवर पोचलं. लगेच तातडीची बैठक. संस्थेचे खेळाडू पुण्याला जाणार आणि संस्था घरी बसणार, हे शोभत नव्हतं. कारखान्याची निवडणूक तोंडावर आलेली होती, हेही कुणाच्या ध्यानातून गेलं नव्हतं. ठरलं, की आदल्या दिवशी सकाळी संस्थेच्या गाड्यांतून निघायचं आणि वाटेत सदिच्छा सत्कार घेत जायचं. निवडीआधी सत्कार कशाचा, हा प्रश्न त्या खोलीत फक्त मला पडला.

पहिला सत्कार नांदूरघाटला झाला. तिथं चेअरमननी मला शाल दिली आणि मग, मी अजून शाल सांभाळत होते तोवर, आबांना पुढं बोलावलं. फेटा बांधला, श्रीफळ दिलं. माझे आबा चाळीशीतच वाकलेले, कुणाच्या लग्नात मागच्या रांगेत बसणारे. कारखान्यात इतकी वर्षं काम केलं, पण चेअरमननी त्यांना नावानं कधी हाक मारली नव्हती. फेटा बांधून घेताना त्यांनी मान इतकी ताठ धरली होती की बांधणाऱ्याला दोनदा सांगावं लागलं, जरा खाली घ्या. नंतर त्यांना चेअरमनच्या गाडीत, चेअरमनच्या शेजारी बसवलं. मला मागच्या गाडीत संचालकांच्या बायकांबरोबर बसायला लागलं.

तिथून लिंबागणेशला गेलो. गणपतीला नारळ फोडला, तिथल्या संचालकांच्या दारात भाषणं झाली, जेवणं झाली. लिंबागणेशहून सरळ पुढं निघालो असतो तर दिवेलागणीपर्यंत पुण्याच्या आसपास असतो. गाड्या मागं वळल्या. बीडला माडीसमोर सत्कार होता आणि तिथं गोलकीपरला घ्यायचं होतं. बीडमध्ये जेसीबी लावला होता. त्याच्या पंजातून आमच्यावर झेंडूच्या पाकळ्या सोडल्या. मिरवणुकीमागं पाण्याचा टँकर अडकला होता आणि त्याच्या नळाशी आतापासूनच घागरी घेऊन बायका चालत होत्या. त्यातली एक माझ्याकडं बघून म्हणाली, "कुनाची नवरी हाय गं ही?" मला तिथल्या तिथं गाडीखाली जावंसं वाटलं.

मिरवणूक बसस्थानकाजवळ आली तेव्हा गोलकीपर माझ्या गाडीपाशी आला. त्यानं गळ्यातला हार काढून हातात धरला होता.

"आता तलवाड्याला जायचंय म्हनं," तो म्हणाला.

मला वाटलं, गंमत करतोय. तलवाडा गेवराईच्या अंगाला, पुणे भलतीकडं. पण व्हाइस चेअरमन तलवाड्याचे होते आणि लिंबागणेशला सत्कार झाला असेल तर तलवाड्याला का नको, असा प्रश्न निघाला होता.

"पुन्याची एस्टी उभी हाय," तो म्हणाला. "मी चाललो. तू बी चल. ह्यांच्या नादाला लागलीस तर सकाळी न्हाई पोचत."

मी उतरले आणि पुढच्या गाडीच्या खिडकीशी गेले. चेअरमन बाहेर कुणाशी तरी बोलत उभे होते, आबा एकटेच आत होते. फेट्याला धक्का लागू नये म्हणून मान सीटला टेकवली नव्हती.

"आबा, चला. एस्टी लागलीय. आपण एस्टीनं जाऊ."

"कावून?"

"तलवाड्याला गेलं तर उशीर होतोय आबा. आठला हजर व्हायचंय."

आबा हसले. मला समजावत म्हणाले, "साहेबांनी पुन्याला फोन केलाय माय. अन् साहेब सोबत हायेत. ते गेल्याबिगर सुरू व्हतंय व्हय काई?"

हे ते मला गप्प करायला म्हणाले नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. आणि वाटू नये असं काही त्यांनी आयुष्यात पाहिलंही नव्हतं. आमच्या भागात चेअरमन पोचल्याशिवाय काही सुरू व्हायचं नाही. गळिताचा हंगाम नाही, शाळेचं स्नेहसंमेलन नाही. लग्नात नवरानवरी हातात हार धरून उन्हात ताटकळत उभे राहायचे, भटजी घड्याळ बघायचा, मुहूर्त टळून जायचा, आणि मग चेअरमनची गाडी दिसली की मंगलाष्टका सुरू. मुहूर्त थांबतो तिथं चेंडू थांबणार नाही का? चेअरमनलाही तसंच वाटत होतं. तो माणूस मला फसवत नव्हता, इतकी अक्कलच त्याच्यात नव्हती. अक्कल असलेल्या लबाडाचा निदान हिशेब तरी लावता येतो.

एसटीच्या वाहकानं बेल दिली. गोलकीपर दारात उभा राहून माझ्याकडं बघत होता. एकटीनं जायची आमच्या घरात रीत नव्हती, आणि माझे सगळे दाखले आबांच्या मांडीवरच्या पिशवीत होते, नारळांच्या खाली. एसटी गेली.

तलवाड्याला आम्ही वेळेत पोचलो, पण कार्यक्रम सुरू झाला नाही. कारण चेअरमनहून मोठे कुणीतरी येणार होते आणि त्यांची वाट बघायची होती. चेअरमन ओट्यावर बसून, एखाद्या शिकाऊ पोरासारखे दर गाडीच्या उजेडाला उठत होते. मी ते बघितलं आणि मनातल्या मनात त्यांना जितक्या शिव्या येत होत्या तितक्या दिल्या. मोठे आले, बोलले, बास्केटबॉलला व्हॉलीबॉल म्हणाले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग जेवणं. तिथून निघालो, वाटेत एक गाडी पंक्चर झाली तर सगळ्या गाड्या थांबल्या, कारण ताफा तुटता कामा नये.

पुण्यात त्या मैदानावर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. आत एक बाई चेंडू जाळीच्या पिशवीत भरत होत्या. गळ्यात शिट्टी, केस बारीक कापलेले. त्याच प्रशिक्षक. बाकीच्या मुली पायऱ्यांवर बसून बूट सोडत होत्या. चेअरमन ताफ्यासह लाकडी मैदानावर चपलांनी चालत गेले आणि शाल उघडून बाईंच्या खांद्यावर टाकायला पुढं झाले.

"चप्पल काढा," बाई म्हणाल्या. "आणि हे काय आहे?"

चेअरमननी आपली ओळख सांगितली. कारखाना, पतसंस्था, एजन्सी, सगळं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, की चाचणी झाली, यादी गेली. चेअरमननी फोन काढला, कुणाकुणाला लावला. कोणी उचलला, कोणी नाही उचलला. अकरातले सात जण आले होते, ते सगळे चपला हातात घेऊन उभे होते. त्या जागेत त्यांना कोणी ओळखत नव्हतं. ते दृश्य बघून मला आनंद व्हायला हवा होता, आणि एरवी झालाही असता.

बाईंनी माझ्याकडं बघितलं, खालपासून वरपर्यंत. पिशवीतून एक चेंडू काढून माझ्याकडं फेकला. माझे बूट झिजलेले होते, अंगावर प्रवासाचा ड्रेस होता, केसांत झेंडूच्या पाकळ्या अडकलेल्या होत्या. मी टाकला. आत गेला. त्यांनी आणखी लांबून टाक म्हणून हातानं दाखवलं. तोही गेला. मग त्यांनी मला रिंगखाली पळवलं, वळवलं, त्यांच्या एका मुलीला माझ्यासमोर उभं केलं. त्या मुलीला मी दोनदा चकवलं. पायऱ्यांवरच्या मुलींनी बूट सोडायचं थांबवलं होतं.

बाईंनी चेंडू परत घेतला आणि हळू आवाजात विचारलं, "सकाळी कुठं होतीस?"

मी मान वळवली. आबा माझ्या मागंच उभे होते. फेटा अजून डोक्यावर होता.

"वय किती?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटून मान हलवली आणि पिशवीची दोरी ओढून घेतली.

गोलकीपरला क्लबनं घेतलं. तो पुढं बरीच वर्षं खेळला. एजन्सीनं त्याचा फोटो पाटीवर लावला, खाली लिहिलं 'आमचा खेळाडू'.

आणि आम्ही परत आलो तर वसाहतीच्या फाटकावर माझा फ्लेक्स. निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. निघायच्या आधीच छापून ठेवला होता आणि वाया कशाला घालवायचा म्हणून लावला. छावणीच्या बाजूला मांडव, मांडवात खुर्च्या, खुर्च्यांत माणसं, मागं जनावरांचं हंबरणं. चेअरमन बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, की आपल्या कन्येची निवड तत्त्वतः झालेली आहे. हा शब्द ते मंत्रालयातून शिकून आलते. टँकर तत्त्वतः मंजूर, छावणी तत्त्वतः मंजूर, मीही तत्त्वतः मंजूर.

मग त्यांनी माइक माझ्या हातात दिला. मला वाटतं, मी आभार मानणार अशी त्यांची खात्री होती.

"माझी निवड झाली न्हाई," मी म्हणाले. "मी येळेवर पोचलेच न्हाई. आमी पुन्याला जायचं सोडून तलवाड्याला हार घेत बसलतो."

मांडवात मागून कोणीतरी टाळ्या सुरू केल्या आणि सगळ्यांनी वाजवल्या. माणूस बोलून थांबला की टाळ्या वाजवायच्या, एवढंच त्यांना ठाऊक. चेअरमनही वाजवत होते. त्यांना राग आला नव्हता, त्यांनी ऐकलंच नव्हतं.

ऐकलं होतं ते आबांनी. ते उठले. चारचौघांत कधी तोंड न उघडलेला माणूस, त्यांनी माझ्या हातातून माइक घेतला. मला वाटलं, आता हे बोलतील. त्या बाईंनी काय विचारलं ते सांगतील, माझे दोन्ही चेंडू आत गेले ते सांगतील. आबांनी माइक दोन्ही हातांनी धरला, चेअरमनकडं तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "लेकरू हाय, साहेब. थकून बोललं. मनावर घेऊ नका. तुमी आमच्यासाठी लई केलं."

त्यांना माझ्यापेक्षा जास्त टाळ्या पडल्या. त्या क्षणी मला चेअरमनपेक्षा माझ्या वडिलांची जास्त शिसारी आली. ती पूर्णपणे कधीच गेली नाही, हे मी लिहून ठेवते आहे. घरी येताना आम्ही मिलच्या बाजूनं चालत होतो. आबा म्हणाले, "उद्या चाकं फिरली तर फिटर कोन लागंल त्यांना? ध्यानात ठिवतेत ती मान्सं."

दुसऱ्या दिवशी ते खाकी कपडे घालून मिलमध्ये गेले. त्याच हिवाळ्यात माझं लग्न झालं. चाकं काही फिरली नाहीत.